इंजिन बंद पडल्यानंतरची साडेपाच मिनिटे : छोट्या विमानातील आणीबाणी कशी हाताळतात

२५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून सरावासाठी निघालेले सेसना १५२ जातीचे छोटे प्रशिक्षण विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे एका शेतात पडले. विमानात बावीस वर्षांची प्रशिक्षणार्थी वैमानिक एकटीच होती. विमानाची मोडतोड झाली, पण तिचे किरकोळ दुखापतीवर निभावले. विमान शेतात पडूनही आतले माणूस वाचते, हे वाचल्यावर आपल्यापैकी बहुतेकांना तो निव्वळ दैवयोग वाटतो. त्या दिवशी नेमके काय बिघडले, हा या लेखाचा विषय नाही. एक इंजिन आणि दोन ते सहा आसने असलेल्या छोट्या विमानांच्या जगात अशा प्रसंगांसाठी एक ठरलेली शिस्त आहे. अनेकांचे प्राण गेल्यावर, प्रत्येक अपघाताची कारणे तपासून ती घडवली गेली आहे आणि ती नीट पाळली तर दैवावर सोपवण्यासारखे फार थोडे उरते. ती शिस्त काय आहे आणि तशी का आहे, हे येथे पाहू.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करायला हवा. इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे खाली येते, असे समजले जाते आणि ते खरे नाही. विमानाला हवेत धरून ठेवण्याचे काम पंख करतात, इंजिन फक्त पंखांवरून हवा वाहती राहील एवढा वेग पुरवते. घाट उतरताना गाडीचे इंजिन बंद असले तरी उतारामुळे गाडी धावत राहते, तसेच विमानाचे आहे. त्याच्याजवळ असलेली उंची हाच त्याचा उतार असतो. जगात सर्वाधिक संख्येने बनवल्या गेलेल्या सेसना १७२ या चार आसनी विमानाचे उदाहरण घेऊ. इंजिन बंद असताना हे विमान सुमारे ६५ नॉट, म्हणजे ताशी १२० किलोमीटर वेगाने तरंगत ठेवले, तर दर हजार फूट उंचीमागे ते सुमारे दीड सागरी मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर पुढे जाते. जमिनीपासून चार हजार फुटांवर इंजिन बंद पडले, तर वारा नसताना त्याला सुमारे अकरा किलोमीटरांचा टापू आणि साधारण साडेपाच मिनिटांचा अवधी मिळतो. साडेपाच मिनिटे हा विचार करायला पुरेसा वेळ आहे, पण वाया घालवायला अजिबात नाही.

मग माणसे दगावतात ती कशामुळे? त्याचे उत्तर विमानाच्या नाकाशी आहे. जमीन जवळ येऊ लागली की घाबरलेले मन हातांना एकच आज्ञा देते: नाक वर उचल. नाक उचलले की वेग कमी होतो, पंख हवेला अधिकाधिक तिरका भिडतो आणि एका ठरावीक कोनानंतर हवा पंखाच्या वरच्या पृष्ठाला चिकटून वाहणे सोडून देते. याला स्टॉल म्हणतात. त्या क्षणी पंख जवळजवळ निकामी होतो आणि विमान खरोखरच पडू लागते. त्यातच एक पंख दुसऱ्याच्या आधी निकामी झाला, तर विमान गरगरत खाली येते आणि कमी उंचीवर त्यातून सावरणे शक्य नसते. चाके जमिनीला लागेपर्यंत विमान वैमानिकाच्या ताब्यात असेल, तर ओबडधोबड जमिनीवरही वाचण्याची शक्यता चांगली असते. ताबा हवेतच सुटला, तर खाली मऊ गवत असूनही उपयोग होत नाही. म्हणून इंजिन बंद पडल्यावरची पहिली कृती मनाच्या ओढीच्या अगदी उलट आहे: नाक थोडे खाली घ्यायचे, ६५ नॉटचा वेग पकडायचा आणि विमान हात न लावताही त्याच वेगावर राहील असे ट्रिमचे चाक फिरवून ठेवायचे. हे सारे पहिल्या काही सेकंदांत, इतर काहीही करण्यापूर्वी व्हायला हवे.

जगभरच्या प्रशिक्षण संस्थांत शिकवला जाणारा क्रम असा आहे: आधी विमान उडवा, मग कोठे जायचे ते ठरवा आणि त्यानंतर बोला. तीन लहान वाक्यांचा हा क्रम पाठ करायला सोपा आणि पाळायला कठीण आहे, कारण संकटात सापडलेल्या माणसाला सर्वांत आधी कोणाशी तरी बोलावेसे वाटते. नियंत्रण कक्षातला माणूस कितीही कुशल असला, तरी तो विमानाचे नाक खाली घेऊ शकत नाही, ते काम कॉकपिटमधल्या हातांनाच करावे लागते.

वेग स्थिर झाला की जागा शोधायची. येथे आपल्याकडच्या जमिनीचा विचार करून पाहण्यासारखा आहे. वरून सपाट, एकसारखी हिरवी दिसणारी जागा द्राक्षाची बाग असू शकते आणि तिच्यात लोखंडी खांब व ताणलेल्या तारा असतात. गुळगुळीत वाटणाऱ्या शेताच्या मधोमध विहीर असते, दोन शेतांमध्ये कमरेएवढा बांध असतो. विजेच्या तारा हवेतून जवळजवळ दिसतच नाहीत, म्हणून तारा शोधण्याऐवजी खांबांची रांग शोधायची आणि दोन खांब दिसले की त्यांच्यामध्ये तार आहेच असे धरून चालायचे, असे शिकवले जाते. रस्ता मोह पाडतो, पण त्याच्या कडेला झाडे, वरून तारा आणि त्यावर वाहने असतात. गवताळ माळरान किंवा पीक निघालेले लांब शेत बहुधा अधिक चांगले. नांगरलेल्या रानातच उतरावे लागले, तर सरींच्या लांबीला धरून उतरायचे. आडवे उतरल्यास पुढचे चाक सरीत अडकून विमान उलटू शकते.

वाऱ्याची दिशा तितकीच महत्त्वाची असते आणि ती धुरावरून, धुळीवरून किंवा तलावाच्या पाण्यावरून कळते. ज्या काठाकडून वारा येतो, त्या काठाजवळचे पाणी संथ दिसते. वाऱ्याला तोंड देऊन का उतरायचे, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. विमानाचा हवेतला वेग ६० नॉट आणि वारा १५ नॉट असेल, तर वाऱ्याच्या विरुद्ध उतरताना जमिनीशी असलेला वेग ४५ नॉट राहतो आणि वाऱ्याबरोबर उतरताना तो ७५ नॉट होतो. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे दुसऱ्या प्रसंगी ती जवळजवळ पावणेतीन पट होते. हीच गोष्ट उलट बाजूने पाहिली तर मोठा दिलासा देणारी आहे. ताशी ८० किलोमीटरचा वेग तीन मीटरांच्या आसपास अंतरात एकसारख्या दराने शून्यावर आणता आला, तर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट भार येतो आणि खांद्याचे पट्टे घट्ट बांधलेल्या माणसाला तो क्षणभर सोसवतो. म्हणूनच वैमानिकाला सांगितलेले असते की पंख तुटले, चाके मोडली, पुढचा भाग चेपला तरी चालेल, फक्त माणसे बसतात तो भाग शाबूत ठेवायचा. विमान वाचवण्याचा विचार त्या घटकेला सोडून द्यायचा. हे स्वीकारणे अनेकांना जड जाते, आणि मला वाटते, या साऱ्या शिस्तीत सर्वांत अवघड भाग हाच असावा.

जागा ठरली आणि विमान तिच्या दिशेने वळले, की उरलेल्या वेळात इंजिन पुन्हा सुरू होते का ते पाहायचे. बंद पडलेल्या इंजिनाचे कारण पुष्कळदा साधे असते. एका टाकीतले इंधन संपलेले असते आणि दुसऱ्या टाकीत ते शिल्लक असते. म्हणून हात एका ठरलेल्या मार्गाने फिरतो: इंधनाची कळ दोन्ही टाक्यांवर, इंधन व हवेचे प्रमाण ठरवणारी मिक्श्चरची लाल मूठ पूर्ण आत, कार्ब्युरेटर हीट चालू, इंधनाचा जादा पंप असेल तर तो चालू, इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या दोन मॅग्नेटोंची किल्ली दोन्हींवर. प्रशिक्षक ही फेरी जमिनीवर, बंद विमानात बसून, डोळे मिटून करायला लावतात आणि ती बोटांत मुरेपर्यंत करायला लावतात. त्यानंतर वेळ असेल तर छापील चेकलिस्ट काढून काही राहिले आहे का ते ताडून पाहायचे.

यातील कार्ब्युरेटर हीट या कळीबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण उष्ण प्रदेशात राहणाऱ्यांना ती अनावश्यक वाटू शकते. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते आणि तेथेच पेट्रोलचे बाष्पीभवन होते. या दोन्ही कारणांमुळे तेथले तापमान वीस अंशांहूनही अधिक उतरू शकते. बाहेर २५ अंश सेल्सिअस आणि कोकणासारखी दमट हवा असली, तरी त्या गळ्यात बर्फ साचू शकतो, विशेषतः उतरताना थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती, कमी केलेली असते तेव्हा. पंख्याचे फेरे हळूहळू कमी होतात, इंजिन अडखळू लागते. कळ ओढली की एक्झॉस्टजवळ तापलेली हवा आत येते, बर्फ वितळतो आणि ते पाणी इंजिनातून जाताना इंजिन आधी आणखी खडखडते व नंतर सुधारते. त्या खडखडाटाला घाबरून नवशिका वैमानिक कळ परत आत ढकलतो आणि सुटत आलेली अडचण पुन्हा ओढवून घेतो. गरम हवा चालू ठेवून थोडा वेळ धीर धरणे, हाच तेथे उपाय असतो.

आता बोलण्याची पाळी येते. ज्या नियंत्रण कक्षाशी आधीपासून संपर्क आहे त्याच्याशी, आणि तो नसेल तर १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या लहरीवर, मेडे हा शब्द तीनदा उच्चारायचा. विमानाचे नाव, काय झाले, आपण कोठे आहोत, किती उंचीवर आहोत, काय करणार आहोत आणि विमानात किती माणसे आहेत, एवढे सांगायचे. रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या ट्रान्सपॉन्डर या यंत्रावर ७७०० हा आकडा फिरवला की रडारच्या पडद्यावर ते विमान लगेच उठून दिसते. मेडे हा शब्द १९२० च्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरील रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी सुचवला. तेव्हा क्रॉयडनची पुष्कळशी वाहतूक पॅरिसशी होत असे, म्हणून ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांच्या उच्चारावरून तो घेतला गेला. अडचण गंभीर आहे पण प्राणावर बेतलेली नाही, अशा वेळी पॅन-पॅन हे शब्द तीनदा उच्चारतात.

हे शब्द उच्चारायला वैमानिक संकोचतात, ही जुनी आणि महागात पडलेली गोष्ट आहे. उगाच गाजावाजा होईल, नंतर चौकशी होईल, असे त्यांना वाटते. २५ जानेवारी १९९० रोजी न्यू यॉर्कजवळ आव्हियान्का कंपनीचे बोइंग ७०७ इंधन संपून कोसळले आणि ७३ जण मृत्युमुखी पडले. ते मोठे प्रवासी विमान होते, तरीही येथे त्याचा उल्लेख करणे आवश्यक वाटते, कारण त्याच्या वैमानिकांनी प्राधान्य मागितले होते, इंधन संपत आल्याचेही सांगितले होते, पण आणीबाणीचा ठरलेला शब्द मात्र वापरला नव्हता. तो शब्द कानी पडल्यावर नियंत्रक आकाश मोकळे करतो, धावपट्टी राखून ठेवतो, अग्निशमन दलाला कळवतो. तो पडला नाही, तर त्याच्या दृष्टीने ते रांगेतले आणखी एक विमान असते.

जमीन जवळ आली आणि उतरणे अटळ आहे असे दिसले, की आगीचा धोका कमी करायचा. इंधनाची कळ बंद, मिक्श्चरची मूठ पूर्ण बाहेर, मॅग्नेटो बंद, आणि फ्लॅप, म्हणजे कमी वेगाने उतरता यावे म्हणून पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या झडपा, हवे तेवढे उतरवून झाल्यावर मुख्य वीजही बंद. शेवटी दारांच्या कड्या उघडून ठेवायच्या. आघाताने विमानाची चौकट वाकली तर बंद दार तसेच अडकून बसते आणि धडधाकट माणसेही आत कोंडली जातात, म्हणून ही काळजी.

चार हजार फुटांवर हे सारे करण्याइतका अवधी मिळतो. उड्डाण केल्या केल्या, चारपाचशे फुटांवर इंजिन गेले, तर हिशेब पूर्ण बदलतो. मागे वळून, नुकतीच सोडलेली धावपट्टी गाठावी अशी तीव्र ओढ तेव्हा लागते. त्या वळणाला इंग्रजीत अशक्य वळण असेच नाव पडले आहे. मागे फिरायचे म्हणजे नुसता अर्धा वर्तुळाकार फेरा पुरत नाही. वळताना विमान धावपट्टीच्या बाजूला सरकलेले असते, त्यामुळे आणखी वळून पुन्हा तिच्या रेषेत यावे लागते. शिवाय तीव्र वळणात स्टॉलचा वेग वाढतो. सरळ उडताना तो सुमारे ५० नॉट असेल, तर ४५ अंश कललेल्या वळणात उंची राखू पाहताना सुमारे ६० आणि ६० अंशांच्या वळणात सुमारे ७० नॉट होतो. म्हणजे ६५ नॉटवर तरंगणारे विमान घाईने फार कलवून वर ओढून धरले, तर तेवढ्यानेच ते पडू शकते. म्हणून पुरेशी उंची नसेल तर समोर, फार तर थोडे डावी-उजवीकडे, जे मिळेल त्यात उतरायचे, असा दंडक आहे. कोणत्या उंचीखाली वळायचे नाही, तो आकडा उड्डाणापूर्वी धावपट्टीच्या तोंडाशी उभे असतानाच वैमानिकाने मोठ्याने उच्चारायचा असतो, कारण इंजिन गेल्यावर निर्णय घेत बसायला सवड नसते. अभिनेते हॅरिसन फोर्ड ५ मार्च २०१५ रोजी कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथून आपले दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले विमान घेऊन निघाले आणि लगेच इंजिनाची शक्ती गेली. त्यांनी परत येत असल्याचे कळवले, पण धावपट्टी गाठता येणार नाही हे लक्षात येताच जवळच्या गोल्फ मैदानाकडे विमान नेले. ते गंभीर जखमी झाले, पण वाचले. तपासात कार्ब्युरेटरमधला एक छोटा भाग सैल होऊन फिरल्याचे आढळले.

इंजिनाचे बंद पडणे नाट्यमय असते, म्हणून त्याची भीती सर्वांना वाटते. प्रत्यक्षात तितकीच घातक असलेली एक आणीबाणी अगदी शांतपणे येते आणि तिच्यात विमान पूर्ण ठणठणीत असते. उपकरणांच्या आधारे उडण्याचे शिक्षण नसलेला वैमानिक ढगात शिरतो, तेव्हा त्याला क्षितिज दिसेनासे होते. तोल सांभाळणारी कानातली द्रवाने भरलेली वलये सावकाश सुरू झालेले वळण ओळखू शकत नाहीत, त्यामुळे विमान कलत असताना माणसाला आपण सरळच बसलो आहोत अशी पक्की खात्री वाटते. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात अशा वीस जणांवर सुरक्षित परिस्थितीत प्रयोग केला गेला. क्षितिज झाकल्यापासून विमानावरचा ताबा सुटेपर्यंत त्यांना सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटेही नाहीत. १६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेच्या दिवंगत राष्ट्राध्यक्षांचे पुत्र जॉन केनेडी धाकटे यांचे विमान मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात कोसळले, तेव्हा धूसर हवेत, काळ्या पाण्यावरून जाताना त्यांना हाच दिशाभ्रम झाला, असा निष्कर्ष तपास यंत्रणेने काढला. पावसाळ्यात सह्याद्रीवर ढग किती वेगाने उतरतात, हे ज्याने घाटमाथ्यावर उभे राहून पाहिले आहे, त्याला हा धोका वेगळा सांगायला नको. ढगात शिरल्यावर करायचे ते एवढेच की कानांवर अजिबात विश्वास न ठेवता कृत्रिम क्षितिज दाखवणाऱ्या उपकरणाकडे पाहत, हलक्या हाताने, विमान फार न कलवता १८० अंश वळायचे आणि जेथून आलो त्या स्वच्छ हवेत परत जायचे. त्याहून चांगले म्हणजे समोर ढग दाटताना दिसताच, आत शिरण्यापूर्वी, मागे फिरायचे.

बाकीच्या काही गोष्टी भीतीच्या मानाने सौम्य असतात. विमानाची वीज तयार करणारा अल्टरनेटर बंद पडला तरी इंजिन चालूच राहते, कारण त्याची ठिणगी स्वतंत्र मॅग्नेटोंतून मिळते. अनावश्यक उपकरणे बंद करून बॅटरी वाचवायची आणि जवळच्या विमानतळावर उतरायचे. उड्डाणानंतर दार उघडले तर मोठा आवाज होतो, वारा आत घुसतो, पण छोटे विमान उडत राहते. दार लावण्याच्या खटपटीत वैमानिकाचे लक्ष वेगावरून उडाले आणि त्यातून अपघात झाला, असे मात्र प्रत्यक्ष घडले आहे. आग ही खरी निकडीची गोष्ट. इंजिनाला आग लागली तर इंधन तोडायचे, वीज व केबिनची गरम हवा बंद करायची आणि ज्वाळा विझाव्यात म्हणून वेगाने खाली यायचे.

वैमानिकच बेशुद्ध पडला तर काय, हा प्रश्न शेजारी बसणाऱ्या प्रवाशाच्या मनात हमखास असतो. १० मे २०२२ रोजी बहामाहून फ्लोरिडाला येणाऱ्या सेसना २०८ विमानात तसेच घडले. विमान चालवण्याचा काहीही अनुभव नसलेल्या प्रवाशाने खाली झेपावणारे विमान हळूच सरळ केले आणि रेडिओवर मदत मागितली. नियंत्रकाने त्याला पंख समतल ठेवून किनाऱ्याच्या कडेने जायला सांगितले. पुढे पाम बीच येथे विमान चालवण्याचे प्रशिक्षणही देणाऱ्या दुसऱ्या नियंत्रकाने त्या कॉकपिटचे चित्र छापून समोर ठेवले आणि टप्प्याटप्प्याने सूचना देत विमान धावपट्टीवर उतरवून घेतले. येथेही क्रम तोच होता: आधी विमान सरळ, मग दिशा आणि संवाद. सिरस कंपनीच्या विमानांत तर अख्ख्या विमानासाठी पॅराशूट असते आणि छतावरची मूठ ओढून प्रवासीही ते उघडू शकतो. ऑक्टोबर २००२ मध्ये टेक्सासमध्ये अशा पॅराशूटने प्रथमच प्रत्यक्ष आणीबाणीत वैमानिकाचे प्राण वाचवले. उंची शिल्लक असतानाच ते उघडावे लागते, आणि आपण सावरू या आशेने थांबून राहिलेल्यांना ते उपयोगी पडत नाही.

विमान शेतात थांबले की पट्टे सोडून सर्वांनी लगेच बाहेर पडायचे आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला दूर जाऊन उभे राहायचे, म्हणजे आग लागलीच तर धूर व ज्वाळा अंगावर येत नाहीत. माणसे मोजायची. विमानाच्या शेपटीकडच्या भागात बसवलेले छोटे यंत्र आघाताने आपोआप सुरू होऊन ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवू लागते. त्या संदेशात यंत्राचा ओळख क्रमांक असतो, उपग्रह तो टिपतात आणि आपल्याकडे तो इस्रोच्या बेंगळुरू येथील केंद्रात पोहोचून तेथून शोध व बचाव पथकांना कळवला जातो. जुनी यंत्रे फक्त १२१.५ वर संदेश पाठवत असत आणि १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी त्या लहरीवर ऐकणे थांबवले आहे. यंत्र आपोआप सुरू झाले नसेल तर कॉकपिटमधली त्याची कळ हाताने दाबता येते. आगीचा धोका टळला की विमानाच्या आसपासच थांबायचे, कारण शोधणाऱ्यांना वरून माणसापेक्षा विमान लवकर दिसते.